अमाइनचे संरक्षक गट: निवडणे, लावणे आणि काढणे

खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडच्या मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) झालेला विद्यार्थी पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान शाखा घेतो, तेव्हा रसायनशास्त्र त्याच्यापुढे एकाएकी इंग्रजीतून उभे राहते. पुढे बेळगावात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून तो गोव्यातील, बंगळूरमधील किंवा हैदराबादमधील एखाद्या औषधनिर्मिती प्रयोगशाळेत रुजू होतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर ‘याचा बॉक काढून ठेव’, ‘त्या अमाइनवर सीबीझेड लाव’ अशी वाक्ये पडू लागतात. बॉक आणि सीबीझेड हे संरक्षक गट, म्हणजे रेणूतील अमाइन (नायट्रोजनयुक्त गट) तात्पुरते झाकून ठेवणारे गट. या गटांची सूत्रे त्याला परीक्षेपुरती पाठ असतात. परंतु याच रेणूसाठी हाच गट का घ्यायचा, तो लावताना हात कोठे चुकतो आणि काढल्यावर फ्लास्कमध्ये नेमके काय उरते, हे त्याला स्वतःच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. ते येथे पायरीपायरीने मांडले आहे.

संरक्षक गटाचा उपयोग खरे तर तुम्ही एकदा केलेला आहे. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात ॲसिटॅनिलाइडपासून पॅरा-ब्रोमोॲसिटॅनिलाइड करतात. ॲनिलीनमध्ये थेट ब्रोमीनचे पाणी टाकले, तर तिन्ही जागा भरून २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलीनचा पांढरा अवक्षेप पडतो आणि एकच ब्रोमीन हवा असेल तर तो मार्ग बंद होतो. नायट्रेशनची गत याहून वाईट असते. तीव्र आम्लात ॲनिलीनचा ॲनिलिनियम आयन होतो, त्यामुळे सुमारे ५१ टक्के पॅरा पदार्थाबरोबर ४७ टक्के मेटा पदार्थ मिळतो आणि ऑक्सिडीकरणाने झालेला डांबरासारखा काळा चिकटा त्यात मिसळतो. अमाइनवर आधी ॲसिटिल गट चढवला, की नायट्रोजनची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये गुंतते, वलयाची सक्रियता बेताची होते आणि मुख्यतः पॅरा पदार्थ मिळतो. शेवटी आम्लात उकळून ॲसिटिल गट काढून टाकला, की पॅरा-ब्रोमोॲनिलीन हाती येते. लावणे, मधले काम उरकणे आणि काढणे, हे तीन टप्पे त्या एका प्रात्यक्षिकात आहेत.

बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत ओतकामाचा भाग रंगवण्यापूर्वी त्याच्या मशीनिंग केलेल्या पृष्ठभागावर चिकटपट्टी लावतात आणि आट्यांवर ग्रीस फासतात. ती पट्टी सहज लागली पाहिजे, रंगाच्या फवाऱ्यात आणि सुकवण्याच्या उष्णतेत टिकली पाहिजे आणि काम झाल्यावर निघताना बाजूचा रंग ओरबाडता कामा नये. संरक्षक गटाकडून रसायनज्ञाच्या अपेक्षा नेमक्या याच तीन असतात. त्यांपैकी तिसरी सर्वांत अवघड आहे आणि नवखा माणूस हमखास तिचाच विचार सर्वांत शेवटी करतो. या लेखात मला आग्रहाने सांगायचे आहे ते एवढेच की, गट काढायचा कसा हे आधी ठरवावे आणि त्यावरून तो निवडावा.

पहिली पायरी: गरज आहे का, ते तपासा

प्रत्येक संरक्षक गट दोन जादा पायऱ्या घेऊन येतो. दोन्हींचे उत्पादन प्रत्येकी ९० टक्के मिळाले, तरी हातात ८१ टक्केच माल राहतो, आणि द्रावक, वेळ व शुद्धीकरणाचा खर्च वेगळा. म्हणून कागदावर मार्ग लिहिताना प्रथम अमाइनला झाकल्याशिवाय भागते का ते पाहावे. पायऱ्यांचा क्रम बदलून अमाइन शेवटी आणता येते का? नायट्रोजन आरंभी नायट्रो गटाच्या रूपात ठेवून शेवटी त्याचे क्षपण करता येते का? मधली अभिक्रिया आम्लातच होणारी असेल, तर अमाइनचे क्षारात रूपांतर होऊन ते आपोआप निष्क्रिय राहते का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर दोन पायऱ्या वाचतात.

ज्या रेणूत हे शक्य नसते तेथे अमाइन चार प्रकारे आड येते. ते न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन जोडी देऊन हल्ला करणारे, असल्यामुळे आम्ल क्लोराइड, अल्किल हॅलाइड आणि अल्डिहाइड यांच्यावर स्वतःच धावून जाते. ते आम्लारी असल्यामुळे आम्ल अभिक्रियाकारक खाऊन टाकते. त्यावरील हायड्रोजन ग्रिन्यार किंवा ब्यूटिललिथियमसारखे तीव्र अभिक्रियाकारक नष्ट करतो. शिवाय ते धातूच्या उत्प्रेरकाला चिकटून त्याचे काम मंदावू शकते. आपल्या मार्गात यांपैकी कोणती अडचण आहे ते स्पष्ट लिहून ठेवावे, कारण पहिल्या अडचणीसाठी पुरेसा असलेला गट तिसऱ्या अडचणीत उपयोगी पडेलच असे नाही. बॉक लावलेल्या प्राथमिक अमाइनवर एक हायड्रोजन शिल्लक राहतो आणि सोडियम हायड्राइडसारखा तीव्र आम्लारी तो काढून घेऊ शकतो, ही गोष्ट पहिल्या वर्षी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी पायरी: शेवटाकडून मागे या

वहीच्या डाव्या पानावर अंतिम रेणू काढा आणि त्याच्याखाली मार्गातील प्रत्येक पायरीची परिस्थिती एका ओळीत लिहा: आम्ल की आम्लारी, किती तीव्र, कोणते तापमान, हायड्रोजन वायू आहे का, पॅलेडियम आहे का, हायड्रॅझीन किंवा दुसरे अमाइन आहे का. मग रेणूत इतर कोणते नाजूक भाग आहेत त्यांवर खूण करा. मिथाइल एस्टर तीव्र आम्लारीत फुटतो, टर्शरी ब्यूटिल एस्टर तीव्र आम्लात फुटतो, दुहेरी बंध, नायट्रो गट आणि बेन्झिल ईथर हायड्रोजन व पॅलेडियम यांच्यापुढे टिकत नाहीत, आणि ॲरोमॅटिक वलयावरील ब्रोमीनही तेथे निघून जाऊ शकतो. एवढी यादी तयार झाली, की गट निवडण्याचे निम्मे काम झालेले असते, कारण प्रचलित तीन गट तीन वेगवेगळ्या वाटांनी निघतात. बॉक आम्लाने, सीबीझेड हायड्रोजनाने आणि एफमॉक आम्लारीने.

ही तीन नावे येण्याआधीची अडचण समजून घेतली, तर त्यांचे महत्त्व अधिक कळते. एमिल फिशर यांनी १९०१ मध्ये दोन ग्लायसीनचा जोड असलेले ग्लायसिलग्लायसीन तयार केले. पण अमिनो आम्लांची लांब साखळी ठरवलेल्या क्रमाने जोडायची, तर अमाइन झाकण्याची आणि नंतर साखळी न तोडता उघडण्याची सोय हवी होती. ॲसिटिल गट तेथे निरुपयोगी होता, कारण तो काढण्यासाठी लागणारे उकळते आम्ल पेप्टाइड बंधही, म्हणजे अमिनो आम्लांना जोडणारा बंधही, तोडते. दोन्ही बंध अमाइडचेच आहेत. शिवाय ॲसिटिलसारख्या गटाने झाकलेले अमिनो आम्ल जोडणीसाठी सक्रिय केले, की त्याचे ऑक्झाझोलोन नावाचे वलय होऊन असममित कार्बनची रचना बिघडू शकते. मॅक्स बर्गमान आणि लिओनिडास झर्वास यांनी १९३२ मध्ये यावर उपाय काढला. त्यांनी अमाइड न करता कार्बामेट केला. कार्बामेटमध्ये कार्बोनिलच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन असतो. त्या ऑक्सिजनकडचा बंध तोडला, की कार्बामिक आम्ल सुटते आणि ते स्वतःहून कार्बन डायऑक्साइड सोडून अमाइन मोकळे करते. म्हणजे नायट्रोजनजवळचा चिवट बंध आपण तोडत नाही, दूरचा तोडतो. बॉक, सीबीझेड आणि एफमॉक हे तिन्ही कार्बामेट आहेत, आणि त्यांच्यातील फरक केवळ ऑक्सिजनला काय जोडलेले आहे एवढाच आहे.

तिसरी पायरी: तिघांपैकी एक निवडा

बॉकमध्ये ऑक्सिजनवर टर्शरी ब्यूटिल गट असतो. तो पसरट असल्यामुळे आम्लारी आणि न्यूक्लिओफाइल त्याच्या आड असलेल्या कार्बोनिलपर्यंत सहजी पोहोचत नाहीत. हायड्रोजन आणि पॅलेडियम यांचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. तीव्र आम्लात मात्र टर्शरी ब्यूटिल कॅटायन सुटून जाते आणि गट काही मिनिटांत कोसळतो. हा गट १९५७ पासून वापरात आहे, आणि मार्गात तीव्र आम्ल नसेल तर नवख्याने प्रथम याचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो स्वस्तात लागतो, स्वच्छ निघतो आणि निघताना उरणारे पदार्थ बहुतांशी वायुरूप असतात.

सीबीझेड हा बर्गमान आणि झर्वास यांचा मूळ गट. पेप्टाइड रसायनात तो झर्वास यांच्या आद्याक्षरावरून ‘झेड’ या नावानेही ओळखला जातो. तो ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लात सामान्य तापमानाला बऱ्यापैकी टिकतो, सौम्य आम्लारीतही टिकतो आणि हायड्रोजन व पॅलेडियम-कार्बन यांनी निघतो. मागे टोल्यूइन आणि कार्बन डायऑक्साइड राहतात. ॲसिटिक आम्लातील हायड्रोजन ब्रोमाइडनेही तो काढता येतो. रेणूत गंधक असेल, तर पॅलेडियम विषबाधित होऊन काम अडते, त्यामुळे सिस्टीन किंवा मेथिओनीन असलेल्या रेणूत त्याच्यावर विसंबू नये.

एफमॉक हा लुई कार्पिनो आणि ग्रेस हान यांनी १९७० मध्ये मांडला. तो आम्लाला दाद देत नाही, पण डायमिथाइलफॉर्मामाइडमधील २० टक्के पिपरिडीनमध्ये १० ते २० मिनिटांत निघतो. घन आधारावरील पेप्टाइड संश्लेषणात तो उत्तम, कारण सुटलेला डायबेन्झोफुल्व्हीन धुऊन टाकता येतो. फ्लास्कमधील साध्या कामात मात्र तो पदार्थ आणि त्याचा पिपरिडीनशी झालेला संयोग आपल्या अमाइनमधून वेगळा करताना कॉलमवर दिवस जातो. जुन्या बाटलीतील डायमिथाइलफॉर्मामाइडला माशासारखा वास येत असेल, तर त्यात डायमिथाइलअमाइन तयार झालेले असते आणि ते एफमॉक हळूहळू कुरतडते. अशी बाटली एफमॉकच्या कामाला घेऊ नये.

चौथी पायरी: बॉक लावा

उदाहरणासाठी फेनिलॲलनीन घेऊ, कारण त्यात अमाइन आणि आम्ल दोन्ही आहेत आणि वर्कअप, म्हणजे अभिक्रियेनंतर माल वेगळा काढणे, शिकण्यास ते सोयीचे आहे. फेनिलॲलनीन १.६५ ग्रॅम म्हणजे १० मिलिमोल. बॉक गट पुरवणाऱ्या बॉक ॲनहायड्राइडचा रेणुभार २१८.२५ आहे, आपल्याला १.१ पट म्हणजे ११ मिलिमोल हवे, म्हणून २.४० ग्रॅम. हे दोन आकडे वजन करण्याआधी वहीत लिहिलेले असावेत.

बॉक ॲनहायड्राइडचा द्रवणांक २२ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. बेळगावच्या थंडीत जानेवारीच्या सकाळी ही बाटली शीतकपाटातून काढून टेबलावर ठेवली, तरी आत बर्फासारखा गोळा तसाच राहतो आणि एप्रिलमध्ये तीच बाटली थोड्या वेळात पाण्यासारखी पातळ होते. गोठलेला पदार्थ चमच्याने खरवडत बसण्यापेक्षा बाटली कोमट, म्हणजे ३० ते ३५ अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावी. हॉटप्लेटवर ती कधीही ठेवू नये. हा पदार्थ साठवणीत सावकाश विघटित होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे बाटलीत दाब साठलेला असू शकतो. बूच फ्यूम हूडमध्ये, चेहरा दूर ठेवून, हळूहळू सैल करावे. त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास अत्यंत घातक असते. हातमोजे आणि गॉगल यांच्याशिवाय आणि हूडच्या बाहेर ती बाटली उघडू नये, याला अपवाद नाही.

फेनिलॲलनीन १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या ११ मिलिलिटर द्रावणात विरघळवावे आणि त्यात १५ मिलिलिटर टेट्राहायड्रोफ्युरान किंवा डायॉक्सेन घालावे. अमिनो आम्ल पाण्यात आणि बॉक ॲनहायड्राइड सेंद्रिय द्रावकात विरघळते, म्हणून दोघांची गाठ घालून देणारा मिश्र द्रावक लागतो. आम्लारीही विनाकारण घातलेला नाही: साध्या पाण्यात अमिनो आम्लाचा नायट्रोजन प्रोटॉन धरून बसलेला असतो, आणि प्रोटॉन धरलेल्या नायट्रोजनकडे हल्ला करण्यासाठी इलेक्ट्रॉन जोडी मोकळी नसते. फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ठेवून बॉक ॲनहायड्राइड थोड्या द्रावकात मिसळून थेंबाथेंबाने सोडावे, नंतर बर्फ काढून सामान्य तापमानाला चार तास किंवा रात्रभर ढवळावे. मधूनमधून पीएच कागदाने पाहून तो ८ ते ९ च्या दरम्यान राखावा. खाली उतरला तर सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब घालावेत. या अभिक्रियेतही कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेव्हा फ्लास्कचे तोंड घट्ट बंद करू नये. शिकाऊ असताना मी ते एकदा बंद केले होते, आणि सकाळी येऊन पाहिले तेव्हा बूच हूडच्या काचेपाशी आणि माझा निम्मा माल टेबलावर होता.

आता वर्कअप, आणि येथेच सर्वाधिक माल वाया जातो. सेंद्रिय द्रावक रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) काढून टाकावा. उरलेले आम्लारीयुक्त पाणी सेपरेटिंग फनेलमध्ये हेक्झेनने दोनदा धुवावे. या वेळी आपला पदार्थ सोडियम क्षाराच्या रूपात पाण्यात असतो आणि उरलेले बॉक ॲनहायड्राइड हेक्झेनमध्ये जाते. एका विद्यार्थ्याने या टप्प्यावर पाण्याचा थर सिंकमध्ये ओतून हेक्झेनचा थर जपून ठेवला आणि दुपारी येऊन विचारले, “सर, रोटावर काहीच उरलं नाही की!” तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो की, अंतिम पदार्थ हातात येऊन त्याचे वजन होईपर्यंत एकही थर फेकायचा नाही. प्रत्येक चंचुपात्रावर काय आहे ते लिहून ते बाजूला ठेवायचे.

धुतलेले पाणी बर्फात थंड करून त्यावर ५० मिलिलिटर एथिल ॲसिटेट घालावे आणि पोटॅशियम बायसल्फेटचे थंड द्रावण सावकाश टाकत पीएच २ ते ३ पर्यंत आणावा. फेस येतो, म्हणून पात्र मोठे घ्यावे. येथे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल भसकन ओतू नये, कारण नुकताच लावलेला बॉक आम्लानेच निघतो. सायट्रिक आम्ल किंवा बायसल्फेट यांच्या थंड द्रावणात मात्र तो सुखरूप राहतो. एथिल ॲसिटेटने तीन वेळा काढून घ्यावे, एकत्र थर पाण्याने आणि मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवावा, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवावा आणि गाळून द्रावक काढून टाकावा. शंभर टक्के उत्पादन २.६५ ग्रॅम होईल. पदार्थ बहुधा मधासारखा घट्ट मिळतो. थोड्या एथिल ॲसिटेटमध्ये विरघळवून हेक्झेन घालत ढवळले, की त्याची पांढरी भुकटी होते. तिचा द्रवणांक ८५ ते ८७ अंश यायला हवा. पश्चिम घाटाला लागून असलेल्या जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने आषाढात जो पाऊस येतो, त्या दिवसांत बेळगावातही हवा इतकी दमट असते की उघड्या पेट्रीडिशमध्ये ठेवलेला माल कोरडा होत नाही. अशा वेळी तो निर्वात शुष्कपात्रात ठेवावा.

ॲनिलीनसारख्या ॲरोमॅटिक अमाइनवर बॉक मंदपणे लागतो, कारण त्यांची इलेक्ट्रॉन जोडी वलयात अडकलेली असते. तेथे ऊब आणि अधिक वेळ द्यावा लागतो. वेग वाढवण्यासाठी डीएमएपी हा उत्प्रेरक घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्याने प्राथमिक अमाइनवर दोन बॉक चढू शकतात किंवा आयसोसायनेट तयार होऊन यूरिया मिळू शकतो.

पाचवी पायरी: लागला का, ते पाहा

टीएलसीवर, म्हणजे पातळ थराच्या वर्णलेखनाच्या पट्टीवर, मूळ अमिनो आम्ल तळरेषेवरच बसून राहते आणि बॉक लावलेले वर सरकते. द्रावकात ॲसिटिक आम्लाचे दोन थेंब घातले तर ठिपका लांबट न होता नीट गोल येतो. पट्टी निनहायड्रिनमध्ये बुडवून तापवली, की मोकळे प्राथमिक अमाइन जांभळे होते आणि झाकलेले होत नाही. परंतु पट्टी फार तापवली तर बॉक पट्टीवरच निघून जाऊन तेथेही रंग दिसू शकतो. त्यामुळे एकाच पट्टीवर मूळ पदार्थ, अभिक्रियेचा नमुना आणि दोन्हींचे मिश्रण असे तीन ठिपके शेजारी लावून तुलना करावी. प्रोलीनसारखे द्वितीयक अमाइन जांभळे न होता पिवळे होते, हेही लक्षात असू द्यावे.

एनएमआर वर्णपटात (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजणाऱ्या तंत्रात) बॉकची खूण १.४ पीपीएमच्या सुमारास नऊ हायड्रोजनांचा एकेरी उंच सिग्नल ही आहे; कार्बनच्या वर्णपटात २८, ८० आणि १५५ पीपीएमजवळ रेषा दिसतात. सीबीझेडचे दोन बेन्झिलिक हायड्रोजन ५.१ च्या आसपास येतात. बॉक-प्रोलीनसारख्या पदार्थात प्रत्येक सिग्नल दुहेरी दिसतो, आणि नवखा घाबरून पुन्हा कॉलम लावतो. कार्बामेटमधील नायट्रोजन आणि कार्बोनिल यांच्यामधला बंध अंशतः दुहेरी असल्याने रेणू दोन मांडण्यांत अडकून राहतो आणि त्या दोन्ही वेगळ्या दिसतात. नमुना तापवून वर्णपट घेतला तर सिग्नल जवळ येऊन एकत्र होतात. वस्तुमान वर्णपटात मूळ आकड्याऐवजी ५६ ने किंवा १०० ने कमी असलेला आकडा दिसला, तर तोही बॉकचाच पुरावा आहे. पहिल्या प्रसंगी आयसोब्यूटीन निघालेला असतो, दुसऱ्या प्रसंगी त्याच्यासह कार्बन डायऑक्साइडही.

सहावी पायरी: गट काढा

बॉक काढण्यासाठी १ मिलिमोल पदार्थ ३ मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून बर्फात थंड करावा आणि तितकेच ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल हळूहळू सोडावे. वायू सुटतो, म्हणून फ्लास्कला बाहेर जाण्याची वाट ठेवावी. बर्फ काढून तास-दोन तास ढवळले, की टीएलसीवर मूळ ठिपका नाहीसा होतो. हे आम्ल त्वचेवर पडल्यास खोल भाजते आणि ७२ अंशांना उकळत असल्याने उन्हाळ्यात त्याच्या वाफा जास्त उठतात. काम हूडमध्येच करावे. रेणूत इंडोल, थायोल किंवा थायोईथर असेल, तर सुटलेले टर्शरी ब्यूटिल कॅटायन तेथे जाऊन चिकटते. ते पकडण्यासाठी ट्रायएथिलसिलेन किंवा ॲनिसोल आधीच घालून ठेवावे. दुसरा पर्याय म्हणजे डायॉक्सेनमधील ४ मोलर हायड्रोजन क्लोराइड. त्यात हायड्रोक्लोराइड क्षार पुष्कळदा पांढरा होऊन खाली पडतो आणि गाळून घेता येतो. बाजूला एस्टर किंवा दुसरा नाजूक भाग नसेल तेव्हा मी हाच पर्याय पसंत करतो.

येथे एक चूक इतक्यांदा झालेली पाहिली आहे की तिच्यावर थांबलेच पाहिजे. बॉक काढल्यावर हातात मोकळे अमाइन नसते, त्याचा क्षार असतो. फेनिलॲलनीन मिथाइल एस्टरचा रेणुभार १७९.२ आहे, पण त्याच्या ट्रायफ्लुओरोॲसिटेट क्षाराचा २९३.२ आहे. १ ग्रॅम क्षार म्हणजे ३.४१ मिलिमोल, तेच मोकळे अमाइन समजून हिशेब केला तर ५.५८ मिलिमोल येतात आणि पुढच्या जोडणीतील सगळी प्रमाणे चुकतात. शिवाय क्षारातील नायट्रोजन प्रोटॉनने झाकलेला असल्यामुळे, पुढच्या पायरीत तो प्रोटॉन काढण्याइतका आम्लारी जादा घातला नाही, तर जोडणी होतच नाही. अशा वेळी दोष कपलिंग अभिक्रियाकारकाच्या माथी मारून महागडी नवी बाटली मागवली जाते. म्हणून बॉक काढताच वहीत पदार्थाचे नाव ‘क्षार’ या शब्दासह लिहावे आणि रेणुभार क्षाराचाच लिहावा.

सीबीझेड काढताना धोका वेगळा आहे. कोरडे पॅलेडियम-कार्बन मिथेनॉलच्या वाफेत ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते. म्हणून फ्लास्कमधील हवा आधी नायट्रोजनने घालवावी, उत्प्रेरक प्रथम टाकून तो थोड्या एथिल ॲसिटेटने किंवा पाण्याने भिजवावा, आणि मगच मिथेनॉल व पदार्थ घालावा. मिथेनॉल असलेल्या फ्लास्कमध्ये वरून कोरडी भुकटी झटकणे हा आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. १० टक्क्यांचे पॅलेडियम-कार्बन पदार्थाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके पुरते. मग फ्लास्क निर्वात करून हायड्रोजनचा फुगा लावावा. जेथे हायड्रोजनचा सिलिंडर नाही अशा महाविद्यालयीन प्रयोगशाळेत अमोनियम फॉर्मेट हा चांगला मार्ग आहे. मिथेनॉल आणि पॅलेडियम-कार्बन यांच्या सान्निध्यात तोच हायड्रोजन पुरवतो. त्यातही वायू सुटतात, तेव्हा फ्लास्क मोकळा हवा. काम झाल्यावर सेलाइट या गाळण्याच्या बारीक भुकटीच्या थरातून गाळावे आणि गाळताना थर क्षणभरही कोरडा पडू देऊ नये.

एका रेणूत दोन अमाइन असतील तर

निवडीची खरी परीक्षा लायसीनसारख्या रेणूत होते. त्यात आम्लाशेजारचे एक आणि साखळीच्या टोकाचे एक अशी दोन अमाइन आहेत. टोकाचे अमाइन अधिक आम्लारी आहे, पण तेवढ्या फरकावर विसंबून एकच गट एकाच ठिकाणी लावता येत नाही. यावर जुनी आणि सुंदर युक्ती तांब्याची आहे. लायसीनचा तांब्याबरोबर संकुल केला, की आम्ल आणि त्याच्या शेजारचे अमाइन मिळून तांब्याला पकडतात आणि टोकाचे अमाइन तेवढे मोकळे राहते. त्यावर बॉक लावायचा, मग ईडीटीएसारख्या पदार्थाने तांबे काढून घ्यायचे आणि मोकळ्या झालेल्या दुसऱ्या अमाइनवर एफमॉक लावायचा. तांब्याचा निळा रंग जातो तसा काम झाल्याचा अंदाजही येतो. आता एफमॉक पिपरिडीनने निघेल आणि बॉक जागचा हलणार नाही. बॉक आम्लाने निघेल आणि एफमॉक तसाच राहील. कोणता आधी काढायचा हे पूर्णपणे आपल्या हातात असते.

एकमेकांना धक्का न लावता निघणाऱ्या अशा गटांना ऑर्थोगोनल म्हणतात. ही संज्ञा बॅरानी आणि मेरिफील्ड यांनी १९७७ मध्ये वापरात आणली. मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये घन आधारावरील पेप्टाइड संश्लेषण मांडले आणि १९८४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बॉक आणि टर्शरी ब्यूटिल एस्टर ही जोडी ऑर्थोगोनल नाही, कारण दोन्ही आम्लानेच जातात. दोन्ही एकदम काढायचे असतील तर तीच जोडी सोयीची ठरते.

तिसरेही अमाइन असेल, तर ऑक्सिजनवर ॲलिल गट असलेला ॲलॉक हा कार्बामेट उपयोगी पडतो. तो टेट्राकिस पॅलेडियम आणि फेनिलसिलेनसारखा ग्राहक यांनी निघतो आणि वरच्या दोघांना हात लावत नाही. नायट्रोजनवरील दोन्ही हायड्रोजन झाकायचे असतील तर थॅलिमाइड घ्यावे. गॅब्रिएल यांची १८८७ मधील पद्धत तुम्ही पुस्तकात शिकला आहात. ते हायड्रॅझीनने निघते, आणि हायड्रॅझीन विषारी असल्याने अनुभवी माणूस जवळ असल्याशिवाय ते हाताळू नये. टोसिल गट अतिशय टिकाऊ आहे, पण काढताना तोच टिकाऊपणा नडतो. सल्फोनामाइडच हवे असेल, तर थायोफिनॉल आणि पोटॅशियम कार्बोनेट यांनी निघणारा नोसिल बरा.

टेबल आवरताना

वापरलेले पॅलेडियम आणि सेलाइट कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. वाळल्यावर ते कागदाच्या बोळ्यांसह पेटू शकते. पाण्याने ओले करून वेगळ्या, नाव लिहिलेल्या बरणीत ठेवावे. रोटाव्हेपरच्या सापळ्यात जमलेले ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल त्याच दिवशी बायकार्बोनेटच्या द्रावणात सावकाश सोडून उदासीन करावे, अन्यथा पंपाची रबरी नळी आणि सील काही आठवड्यांत खराब होतात. डायक्लोरोमिथेन आणि इतर हॅलोजनयुक्त द्रावकांचा डबा वेगळा असावा. बॉक ॲनहायड्राइडची बाटली पुन्हा शीतकपाटात ठेवण्यापूर्वी तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी, आणि वहीतील त्या दिवसाच्या पानावर मिळालेले वजन, टीएलसीची आकृती व वापरलेल्या बाटलीचा बॅच क्रमांक नोंदवूनच दिवा बंद करावा.